घरी जोडलेलं ड्रेस वॉच मधेच थांबतं? हलवण्याआधी काटे कुठे थांबलेत ते बघा

बाबांच्या पंचाहत्तरीला मी त्यांना स्वतः जोडलेलं ड्रेस वॉच, म्हणजे समारंभात घालायचं पातळ, साधं घड्याळ दिलं. मोतिया रंगाची डायल, तिच्यावर बसवलेल्या बारीक लांबट खुणा, मधोमध कणा असलेले टोकदार काटे, तपकिरी पट्टा. पाचव्या दिवशी त्यांचा फोन आला, "अगं, सव्वातीनलाच अडकलंय बघ तुझं घड्याळ. जरा हलवलं की चालतं." तीन दिवसांनी पुन्हा फोन, पुन्हा सव्वातीन. मी घड्याळ परत आणलं आणि मशीनच खराब निघालं असं समजून नवीन मशीन घालून दिलं. आठवड्याच्या आत तेही थांबलं, या वेळी पावणेनऊच्या जरा आधी.

दोन्ही मशीन उत्तम होती. अडचण होती तासकाटा आणि मिनिटकाट्यामधल्या केसभर जागेत. त्यानंतर माझी आणि ओळखीतल्यांची बरीच घड्याळं याच तक्रारीसाठी उघडून झाली. मशीनचा दोष फार थोड्या वेळा निघाला. म्हणून खर्च करण्याआधी काय काय तपासायचं, ते मी ज्या क्रमाने करते त्याच क्रमाने लिहिते आहे. सुरुवातीच्या तपासण्यांना एक रुपयाही लागत नाही.

हा त्रास ड्रेस वॉचलाच जास्त का

घरी ड्रेस वॉच जोडणाऱ्या बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पाटेक फिलिप या स्विस कंपनीचं कॅलट्राव्हा असतं, विशेषतः १९३२ सालचा ९६ क्रमांकाचा नमुना. गोल केस (मशीन ज्यात बसतं तो बाहेरचा धातूचा डबा), साधी डायल, अनावश्यक काही नाही. माझ्याही डोळ्यांपुढे तेच होतं. (डायलवर त्यांचं नाव किंवा त्यांच्या बोधचिन्हातला क्रॉस मात्र छापू नका. आकारावरून स्फूर्ती घेणं वेगळं आणि नकली घड्याळ बनवणं वेगळं.) त्या जुन्या घड्याळाची एक गोष्ट आपण सहज विसरतो. त्याचा सेकंदकाटा मधोमध नाही, खाली सहाच्या जागी लहान वर्तुळात आहे. त्यामुळे मध्यभागी एकावर एक दोनच काटे येतात. आपण वापरतो ते सेकोचं एनएच-३५. भरवशाचं मशीन आहे, पण ५.३२ मिमी जाड आहे आणि त्यात तिन्ही काटे मधूनच निघतात. वर आपल्याला केस पातळ हवी, काच सपाट हवी, खुणा उठावदार हव्यात आणि काटे कण्याचे हवेत. बाबांच्या घड्याळात डायलपासून काचेच्या आतल्या बाजूपर्यंत जेमतेम दोन मिमी जागा होती. तेवढ्यात उठावाच्या खुणा आणि तीन काटे, आणि कुणाचा कुणाला स्पर्श होता कामा नये.

लक्षणं

- घड्याळ थांबतं आणि मनगट झटकलं की पुन्हा चालू लागतं.
- उघडं असताना टेबलावर दिवसभर चालतं, केसमध्ये बंद केलं की काही तासांत थांबतं.
- सेकंदकाटा एका ठराविक जागी अडखळतो, किंचित मागे येतो आणि मग पुढे जातो.
- रोज साधारण त्याच वेळी थांबतं.
- थांबत नाही, पण दिवसाला काही मिनिटं पुढे जातं.
- रात्री काढून ठेवलं की सकाळी बंद सापडतं.
- चालू असतं, टिकटिक ऐकू येते, पण काटे मागे राहतात.

शेवटच्या लक्षणाची गोष्ट वेगळी आहे, तिच्याकडे शेवटी येते.

पहिलं काम: हलवू नका, फोटो काढा

घड्याळ थांबलेलं दिसलं की हात आपोआप झटका देतो. तो आवरा. थांबलेल्या घड्याळाचा समोरून सरळ फोटो काढा, सेकंदकाट्यासकट. घड्याळ कुठे होतं तेही लिहून ठेवा: मनगटावर, टेबलावर पाठीवर, की उशीशी आडवं. एक झटका दिला की हा सगळा पुरावा जातो आणि पुन्हा थांबेपर्यंत वाट बघावी लागते. असे निदान तीन फोटो जमले की पुढचं निम्मं काम खुर्चीत बसून होतं.

चावी पुरेशी बसते का

ही सर्वांत स्वस्त तपासणी, आणि कंटाळा येतो म्हणून नेमकी हीच टाळली जाते. एनएच-३५ पूर्ण भरलेलं असेल तर सुमारे ४१ तास चालतं. शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता काढून ठेवलं, तर रविवारी दुपारी बारापर्यंत. पण शुक्रवारी ते पूर्ण भरलेलं होतं का? दिवसभर संगणकापुढे बसणाऱ्याच्या हाताची हालचाल इतकी कमी असते की रोटर, म्हणजे मनगट हललं की फिरून चावी भरणारं वजन, स्प्रिंग पूर्ण भरू शकत नाही. वयस्कर माणसांचंही तेच. बाबांच्या बाबतीत माझा पहिला संशय यावरच होता.

तेव्हा घड्याळ हातातून काढा, चावी (केसच्या बाजूचं फिरवायचं बटण) पुढच्या दिशेने पन्नास-पंचावन्न वेळा फिरवा आणि टेबलावर डायल वर करून ठेवा. न हलवता चाळीस तासांच्या आसपास चाललं, तर मशीनमध्ये ताकद आहे आणि थांबण्याचं कारण बाहेरचं आहे. आठ-दहा तासांतच थांबलं, तर कुठे थांबलं ते बघा आणि पुढे वाचा.

चुंबक

घड्याळ थांबत नाही पण दिवसाला काही मिनिटं पुढे जातंय, तर आधी चुंबकाचा संशय घ्या. बॅलन्सची, म्हणजे मागेपुढे झुलून वेळ राखणाऱ्या चाकाची, केसासारखी बारीक स्प्रिंग चुंबकित झाली की तिची वेटोळी एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग जणू आखूड होते आणि घड्याळ घाई करतं. पर्सचं चुंबकी बटण, टॅबलेटचं कव्हर, मोबाइलचा स्पीकर, इतकं पुरतं. सुई असलेलं साधं होकायंत्र टेबलावर ठेवा आणि घड्याळ हळूहळू त्याच्या जवळ न्या. सुई हलली तर शंका पक्की. चुंबक उतरवण्याचं छोटं यंत्र काही शे रुपयांत मिळतं आणि काम काही सेकंदांत होतं. नुसत्या चुंबकाने घड्याळ रोज एकाच वेळी थांबत नाही, तेव्हा तुमची तक्रार ती असेल तर इथे वेळ घालवू नका.

थांबलेली वेळ वाचा

माझ्या मते सगळ्यांत जास्त उपयोगाची तपासणी हीच. हिला फक्त कागद-पेन्सिल लागते.

तासकाटा आणि मिनिटकाटा बारा तासांत अकरा वेळा एकमेकांवर येतात, दर ६५ मिनिटं २७ सेकंदांनी. त्या वेळा अशा: १२:००, १:०५, २:११, ३:१६, ४:२२, ५:२७, ६:३३, ७:३८, ८:४४, ९:४९, १०:५५. माझ्या कपाटाच्या दाराला आतून ही यादी चिकटवलेली आहे. आता तुमचे फोटो बघा. थांबलेल्या वेळा या यादीतल्या असतील, किंवा त्याआधीची दोन-चार मिनिटं असतील, तर मिनिटकाटा तासकाट्याला घासतो आहे. दोन-चार मिनिटं आधी का, तर कण्याचे काटे बुडाशी रुंद असतात, कडा आधी भिडतात. बाबांचं सव्वातीन म्हणजे ३:१६ आणि पावणेनऊच्या आधीचं म्हणजे ८:४४. ही यादी तेव्हा माहीत असती तर दुसऱ्या मशीनचे पैसे वाचले असते.

यावर प्रश्न येतो की अकराच्या अकरा वेळा का थांबत नाही? तासकाटा ज्या चाकावर बसतो त्याला वरखाली किंचित सैलपणा असतो. घड्याळ ज्या बाजूला कललेलं असेल तसा काटा पाव केसभर वर किंवा खाली होतो. शिवाय स्प्रिंग भरलेली असेल तर मशीन जोर लावून घासत पुढे जातं, उतरत आली की तिथेच हार मानतं. म्हणून दोन दिवस नीट चालतं आणि तिसऱ्या दिवशी थांबतं.

यादीशी वेळा जुळत नसतील तर पुढचा प्रश्न: सेकंदकाटा आणि मिनिटकाटा एकावर एक आहेत का? उदाहरणार्थ मिनिट २२ आणि सेकंदही २२. तसं असेल तर सेकंदकाटा मिनिटकाट्याला टेकतो. दोघांत बरोबर तीस सेकंदांचा फरक असेल तर सेकंदकाट्याची मागची शेपटी टेकते.

तास वेगवेगळे पण मिनिट नेहमी तेच, समजा ३५ च्या आसपास? मग मिनिटकाटा डायलवरच्या त्या खुणेला किंवा त्या बाजूच्या काचेला लागतो. खूण गोंदाने बसवताना एका टोकाला उचललेली राहिली की असं होतं. घरी बनवलेल्या डायलमध्ये हे खूप दिसतं.

चौथी शक्यता सहज लक्षात येत नाही. डायलला तारखेची खिडकी नाही, पण आत मशीन तारखेचं आहे. तारखेची चकती रोज एकदा फिरते, मशीनवरचा भार तेव्हा वाढतो. हाताने बसवलेल्या खुणांचे पाय डायलच्या मागे जरा जरी बाहेर आले असतील तर ते चकतीला घासतात आणि घड्याळ नेमकं तेव्हा थांबतं. तुम्ही म्हणाल, ते तर मध्यरात्री व्हायला हवं. पण खिडकीच नसल्यामुळे काटे बसवताना मशीनची मध्यरात्र कुठे आहे हे आपण बघितलेलंच नसतं. ती दुपारी चारला येऊ शकते. चोवीस तासांत एकदाच, पण नेमाने त्याच सुमाराला थांबणारं घड्याळ आलं की मी आधी डायलची मागची बाजू बघते. यावर कायमचा उपाय म्हणजे पुढच्या वेळी तारीख नसलेलं एनएच-३८ घेणं. ते बंद डायलखालीही चालतं.

थांबण्याच्या वेळांत काहीच ताळमेळ नसेल, तर आतमध्ये धूळ, तंतू, सुकलेलं तेल किंवा बॅलन्सचा दोष. ते काम शेवटच्या भागातलं.

चावी पूर्ण आत बसते का

चावीपासून मशीनच्या आत जाणारी दांडी आपण स्वतः कापतो, त्यामुळे चूक आपल्या हातून होते. दांडी आखूड कापली गेली तर चावी केसला टेकते, पण दांडी आत शेवटपर्यंत पोचत नाही. ती अर्धवट अवस्थेत राहते, शर्टाच्या बाहीत अडकून जरा बाहेर आली की सेकंद थांबवणारा तरफ बॅलन्सला लागतो. तपासायला सोपं आहे: चावी आत दाबा, सोडा, नखाने अगदी हलकी बाहेर ओढा. टिचकन पहिल्या खाचेत न जाता ती नुसतीच डुगडुगत असेल किंवा सेकंदकाटा थबकत असेल, तर दांडी बदला. नवी दांडी काही शे रुपयांची. कापताना एका वेळी कानशीने थोडीथोडी घासा, कात्रीने एकदम तोडू नका. लांब राहिलेली दांडी नंतर कमी करता येते, आखूड झालेली वाढवता येत नाही.

बाजूने बघा

इथून पुढे आयग्लास लागतो, म्हणजे डोळ्याला लावायचं घड्याळवाल्यांचं भिंग. दहापट मोठं दाखवणारं घ्या. खिडकीशी बसा, पंखा बंद करा. घड्याळ डोळ्यांच्या पातळीवर आडवं धरा, म्हणजे डायल एक सरळ रेषा दिसेल आणि तिच्यावर काट्यांचे थर दिसतील. चावी ओढून काटे हळूहळू पूर्ण बारा तास पुढे फिरवा आणि अकराही भेटींच्या जागी थांबा. दोन काट्यांच्या मध्ये उजेडाची फट दिसली पाहिजे. फट गायब झाली की तीच जागा.

केस पातळ असेल आणि कड उंच असेल तर बाजूने काही दिसत नाही. मग डायलवर काट्यांची सावली बघा. टॉर्च तिरका धरा. दोन काट्यांच्या सावल्यांमध्ये अंतर असेल तर काट्यांमध्येही आहे.

काच आतून बघायला विसरू नका. काचेच्या बरोबर मध्यावर बारीक करडा ठिपका किंवा गोल ओरखडा दिसला, तर सेकंदकाट्याचा टोप काचेला घासतोय. नीलमची काच खरवडली जात नाही, उलट काट्याचा धातू तिच्यावर पेन्सिलसारखा उमटतो. अॅक्रिलिकची काच असेल तर अंगठ्याने मध्यभागी हलकी दाबून बघा. दाबताना सेकंदकाटा थांबत असेल तर उत्तर मिळालं.

मशीन केसबाहेर काढून चालवा

दोष मशीन-डायल-काटे यांच्यात आहे की केस आणि काचेत, हे ठरवायला मशीन डायल आणि काट्यांसकट बाहेर काढून चोवीस तास तसंच चालवतात. आधी पूर्ण चावी द्या. बाहेर नीट चाललं आणि आत घातल्यावर थांबलं, तर काटे एकमेकांना लागत नाहीत, काचेला लागतात, किंवा मशीन धरणारी कडी जाड असल्यामुळे झाकण लावलं की सगळं पुढे ढकललं जातं. बाहेरही थांबलं, तर केस-काचेला दोष देऊ नका.

मी हे काम उंच काठाच्या स्टीलच्या ताटात, आत जुनं पांढरं सुती कापड पसरून करते. मांडीवर पांढरी चादर असते. चिमट्यातून निसटलेला सेकंदकाटा फरशीवर गेला की सापडत नाही. चादरीवर काळ्या केसासारखा दिसतो. बोटांना रबरी टोप्या घाला, पावसाळ्यात तर घालाच. घामाचा एक ठसा डायलवर राहिला की तो कायमचा.

दांडी काढताना चावी आत ढकललेली ठेवा. दांडीशेजारच्या छोट्या खळग्यावर बारीक टोकाने हलकं दाबा आणि दांडी ओढा. तिथे जोर लावणं हे नवशिक्यांच्या हातून होणारं सर्वांत महाग नुकसान आहे. जास्त दाबलं की आतले तरफ जागचे हलतात आणि मग चावी फिरते पण काटे फिरत नाहीत. हलक्या दाबाने येत नसेल तर थांबा.

झाकण उघडलंच आहे तर त्याची आतली बाजूही बघा. तिथे चकचकीत गोल घासलेली रेघ असेल तर रोटर झाकणाला लागतोय. त्याने घड्याळ लगेच थांबत नाही, पण चावी भरत नाही, आणि तक्रार मात्र "रात्री बंद पडतं" अशीच येते.

काटे पुन्हा बसवणं

दोष काट्यांत आहे हे नक्की झालं की दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग मी हल्ली सगळ्यांना सुचवते: सेकंदकाटा काढून टाका. दोन काट्यांचं ड्रेस वॉच ही जुनी आणि सुंदर परंपरा आहे. वर अर्धा मिमीच्या आसपास जागा मोकळी होते, काच घासण्याचा प्रश्न बहुधा मिटतो आणि मिनिटकाटा थोडा वर बसवता येतो. बाबांच्या घड्याळाला मी तेच केलं. पहिले दोन दिवस ते म्हणत राहिले, "चाललंय की नाही कळत नाही गं." मग कानाला लावायची सवय लागली.

दुसरा मार्ग काटे उतरवून उंची नीट करणं. डायलवर प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा ठेवा, त्याला मध्ये छेद द्या, मग दोन बाजूंनी काटे उचलण्याच्या तरफा सारख्याच दाबा. एका बाजूने उचकटलं तर नळी वाकडी होते.

बसवताना आधी चावी शेवटच्या खाचेत ओढून काटे पुढे फिरवत राहा, तारखेची चकती टिचकन उडी मारेपर्यंत. ती मशीनची मध्यरात्र. तिथेच तासकाटा बाराला लावा. मग मिनिटकाटा बरोबर बाराला. दोघांमध्ये किती जागा हवी? मी साध्या झेरॉक्सच्या कागदाची बारीक पट्टी कापून दोन काट्यांमध्ये सरकवते. तो कागद साधारण ०.१ मिमी जाडीचा असतो. पट्टी न अडकता जायला हवी, दुहेरी गेली तर आणखी छान. तासकाटा आणि डायलवरची सर्वांत उंच खूण यांच्यामध्येही हेच.

बाजारात काट्यांच्या पाकिटांवर भोकांची मापं लिहिलेली असतात. एनएच-३५ ला तास १.५०, मिनिट ०.९०, सेकंद ०.२० मिमी. ईटीए २८२४ चे काटे तास आणि मिनिटाला तंतोतंत बसतात, पण त्यांच्या सेकंदकाट्याचं भोक ०.२५ आहे. सगळा संच बसला असं वाटतं आणि सेकंदकाटा सैल राहतो, मनगट हललं की सरकतो किंवा गळून पडतो. तो चिकटवण्यासाठी गोंद वापरू नका, गोंद खाली उतरून चाकाला लागतो. योग्य मापाचा काटा घ्या.

कण्याचे काटे बोटांनी वाकवून उंची साधू नका. मधला कणा काट्याला ताठपणा देतो, त्यामुळे तो सावकाश वाकत नाही, एका जागी मोडल्यासारखी घडी पडते आणि ती उजेडात कायम दिसते. सपाट काटे एकदा, फार तर दोनदा हलके वाकवता येतात.

सेकंदकाटा दाबताना मशीन खालून नीट टेकलेलं हवं. तो ज्या दांडीवर बसतो ती फार बारीक असते. तिरका जोर लागला की ती वाकते, आणि मग कितीही काटे बदलले तरी घड्याळ अडखळतच राहतं.

काटे बिनचूक असूनही काच लागत असेल, तर काच बदला. आतून पोकळ घुमटाची काच घेतली की मध्यभागी, जिथे काट्यांचा थर सर्वांत उंच असतो, तिथेच जागा मिळते. बाहेरून घुमट पण आतून सपाट, अशी काच घेऊन काही उपयोग नाही. घेताना हे विचारून घ्या. जाड गास्केटने (काचेखालच्या रबरी कडीने) काच उचलणं शक्य आहे, पण पाणी-धूळ आत जाण्याचा धोका वाढतो, मला ते आवडत नाही.

बंद करण्याआधी

काटे हाताने बारा तास फिरवा, अकराही भेटी आयग्लासमधून बघा. मग केसबाहेर एक दिवस. मग केसमध्ये चार दिवस: डायल वर, डायल खाली, चावी वर, चावी खाली, प्रत्येकी एक दिवस. शेवटी पूर्ण भरून, न हलवता, उतरेपर्यंत. दोष स्प्रिंग उतरत आल्यावरच बाहेर पडतो, म्हणून हा शेवटचा भाग सोडू नका.

इथे थांबा आणि घड्याळजींकडे जा

चालू असूनही काटे मागे राहत असतील, तर काट्यांना फिरवणारी नळी सैल झाली आहे. तिला चिमटा घेऊन घट्ट करणं हे हात बसलेल्या माणसाचं काम आहे. दोन्ही तऱ्हेने बिघडते: घट्ट झाली तर मशीन अडतं, सैल राहिली तर काटे घसरतात.

बॅलन्सची स्प्रिंग एका बाजूला झुकलेली दिसत असेल, चिमटा तिला एकदा जरी लागला असेल, तर पुढे काहीही करू नका. स्क्रूचं डोकं तुटलं, दांडी निघत नाही, आत गंज आहे, सेकंदाची दांडी वाकली आहे, तिथेही तेच. टाइमग्राफर, म्हणजे टिकटिक ऐकून मशीनची चाल मोजणारं यंत्र, असेल तर त्यावर लिफ्ट अँगल हा आकडा ५३ ठेवून मोजा. पूर्ण भरलेल्या मशीनचा बॅलन्स डायल वर असताना २०० अंशांच्या खाली झुलत असेल, तर काट्यांशी खेळून उपयोग नाही. स्वतः तेल घालू नका. शिवणयंत्राचं तर नाहीच. ते पसरतं आणि स्प्रिंगवर गेलं तर सगळंच थांबतं.

एनएच-३५ असेल तर घड्याळजी पुष्कळदा सांगतील की दुरुस्तीपेक्षा नवं मशीन घाला. ते बरोबर सांगतात, नवं मशीन तेवढ्याच पैशांत येतं. पण तुम्ही आजोबांच्या एचएमटी जनताचं १७ ज्वेलचं चावीचं मशीन नव्या केसमध्ये बसवलं असेल, तर ते बदलू देऊ नका. सिटिझनच्या सहकार्याने १९६१ पासून बेंगळुरूला सुरू झालेल्या कारखान्याची ती परंपरा आता बंद झाली आहे. सुटे भाग जुन्या घड्याळांतूनच काढावे लागतात. अशा मशीनला स्वतः पहिला हात लावू नका.

देताना घड्याळाबरोबर एक चिठ्ठी द्या. थांबलेल्या वेळा, त्या वेळी घड्याळ कोणत्या स्थितीत होतं, केसबाहेर चाललं की नाही, आणि तुम्ही आतापर्यंत नेमकं काय काय उघडलंत. हे शेवटचं लपवू नका. माझ्याकडच्या घड्याळजींनी अशी चिठ्ठी वाचून एकदा झाकण न उघडताच सांगितलं होतं, "ताई, डायल एका पायावर उचललेली आहे, आठच्या बाजूला." आयग्लास लावून बघितलं तर तसंच होतं.